दुसरा ग्लास

शेळ्या विकल्या त्याच्या पुढच्याच शनिवारी सोलांज लिओंला निघाली. शेजारची ऑर्तांस भल्या पहाटे फाटकात उभी होतीच. ही बाई झोपते कधी, देव जाणे.

"आता कशाला ग?" ती म्हणाली. "माणूस गेला. त्याच्यामागं चौकशा करून काय मिळायचंय?"

"चौकशा कुठं? जेवायला चाललेय."

"सकाळी नऊला?"

"तो नऊलाच जेवायचा."

ऑर्तांसनं 'मला काय करायचंय' असा चेहरा केला. पण हे विष कालवलं होतं तिनंच. सोलांजचा नवरा फेलिक्स दर शनिवारी लिओंच्या बाजारात चीज विकायचा आणि दुपारी घरी यायचा तो गुणगुणत. एरवी त्याच्याकडून एक शब्द काढायचा म्हणजे दगडाला पाझर फोडण्याचं काम. मग शनिवारीच एवढा कसा खुलतो? 'जेवतो तरी कुणाबरोबर ग तो तिथं?' ऑर्तांस सहज म्हणून विचारायची, आणि सोलांज वरवर हसून आठवडाभर तेच चघळत बसायची. फेलिक्सला मात्र तिनं कधी विचारलं नाही. हिवाळ्यात तो गेला आणि प्रश्न तिच्याच पदरात राहिला.

बरोबर जायचं तर तिला कधी जमलंच नाही. शेळ्यांना शनिवार कळत नाही. बाजाराला एक माणूस हवं, तर धार काढायला एक घरी हवंच. लग्नानंतर तसं ठरलं आणि जन्मभर तसंच राहिलं. लिओं टेकडीच्या पलीकडं, बसनं तासाभराची वाट, पण तिनं पाहिलं ते तिथलं इस्पितळ तेवढं. शेवटच्या खेपेला तिथून परतताना ती एकटीच होती.

फेलिक्स जेवायचा ती खाणावळ नदीकाठच्या बाजारामागच्या गल्लीत होती. दार उघडलं तर आत लांबलचक टेबल, त्याला चिकटून बसलेले खाटीक, हमाल, भाजीवाले, आणि त्यांच्यामध्ये जाड बुडाच्या बाटल्यांतून लाल वाइन. सगळ्यांनी माना वळवल्या. सकाळच्या या जेवणाला बाया सहसा येत नसत.

मालकीण झारा घेऊनच बाहेर आली. तिचं नाव बर्तीन, पण लिओंमध्ये चुलीशी उभी राहणारी प्रत्येक मालकीण आईच असते, मग तिला पोरं असोत वा नसोत.

"कॉफी हवी असेल तर समोर मिळते, बाई," बर्तीनआई म्हणाली. "इथं सकाळी वजडी असते आणि ही माणसं असतात. दोन्ही पचायला जड."

"वजडीच खाईन."

"ऐकलंत? सरका रे जरा! रेमी, पोट आत घे."

"पोट तुझ्याच हातचं आहे, आई," रेमी खाटीक म्हणाला. "जेवू घालताना बरं वाटलं, आता आत घे म्हणतेस."

सगळे हसले. सोलांज मात्र बर्तीनआईकडं निरखून पाहत होती. सत्तरी ओलांडलेली, ओठावर बारीक मिशी, दंड हे एवढे. हिच्यासाठी कुणी गुणगुणत घरी जाईल असं काही वाटेना. मग कोण?

टेबलाच्या टोकाला, खिडकीपाशी एक खुर्ची रिकामी होती. ती तिकडं वळली.

"तिथं नको!" तीन-चार आवाज एकदम आले.

तिनं पाहिलं, तर त्या खुर्चीपुढं दोन ग्लास होते, दोन्ही भरलेले. ती निमूटपणे शेजारच्या बाकावर बसली.

"रागावू नका," बर्तीनआई जरा नरमली. "ती फेलिक्सची जागा. चीज आणायचा. ते यायचं थांबल्यापासून माझ्या चीजच्या चटणीला चव नाही, ही मेली रोज ऐकवतात मला. आणि तो बघा त्याचा नॅपकिन." भिंतीवर लाकडी खण होते, नेहमीच्या गिऱ्हाइकांचे. त्यातल्या एकात कापडी नॅपकिन घडी करून ठेवला होता. "माणूस गेला की घरचं कुणी येऊन नॅपकिन नेतं. तोवर शनिवारी मी त्याची जागा मांडते. पण याच्या घरून कोण येणार? बायको तर त्याच्या कितीतरी आधी गेली."

सोलांजच्या हातातला पाव हातातच राहिला.

म्हणजे इथं तो विधुर म्हणून मिरवत होता! इतकी वर्षं ती तिकडं शेणामुतात हात घालत होती, आणि यानं इकडं तिला खुशाल पुरून टाकलं होतं. ऑर्तांस शहाणी ठरली. सोलांजच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं. उठून चालू लागावं असं तिला वाटलं, पण आता पुरतं ऐकल्याशिवाय घरी जाणंही शक्य नव्हतं.

"आणि दुसरा ग्लास?" तिनं विचारलं. "तो कुठल्या बाईचा?"

"कुठल्या म्हणजे? त्याच बायकोचा!" बर्तीनआईनं तिच्यापुढं ताटली ठेवली. "पहिल्याच शनिवारी आला, दोन ग्लास मागितले, दोन्ही भरले. म्हटलं, हा कुणाचा? तर म्हणे, बायकोचा. कुठंय ती? तर त्यानं खिडकीतून टेकडीकडं बोट दाखवलं. म्हणाला, तिकडं वर. बास. पुढं कोण काय विचारणार?"

"आई तेव्हा रडली होती," रेमी म्हणाला.

"कांदा चिरत होते मी!"

सोलांजनं खिडकीबाहेर पाहिलं. नदीपलीकडं टेकडी उभी होती, आणि टेकडीवर लिओंकरांचं कबरस्तान. या शहरात कुणी त्या टेकडीकडं बोट केलं की समोरचा टोपी काढतो. पण फेलिक्स लिओंचा कुठं होता? त्या टेकडीच्या मागं डोंगर होते, डोंगरात त्यांचं गाव, गावात त्यांचा गोठा. शनिवारी नऊ वाजता ती तिथंच असायची. त्यानं खरं तेच सांगितलं होतं, नेहमीसारखं निम्मं.

"मग तो काय करायचा?" तिनं विचारलं.

"काय करणार? आधी आपला प्यायचा, मग तिचा. तिचा पिताना बाहेर बघायचा. आम्ही तेवढा वेळ गप्प बसायचो. मग गुणगुणायला लागायचा, आणि आम्ही पुन्हा भांडायला."

सोलांजनं मान खाली घातली. संशय गेला, तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं भलतंच. इतके शनिवार तो तिच्याबरोबर जेवला होता, आणि त्यातला एकही तिच्या वाट्याला आला नव्हता. घरी येऊन एकदा बोलला असता तर! आणि तिनं एकदा विचारलं असतं तर!

"ताई, तुमची बोली त्याच्यासारखीच आहे," रेमी म्हणाला. "तिकडच्याच का तुम्ही? मग तिला पाहिलं असेल. कशी होती हो ती?"

इतकी वर्षं जिच्यासाठी ते गप्प बसत आले होते, तिच्याबद्दल ऐकायला सगळे पुढं वाकले.

"भांडखोर होती," सोलांज म्हणाली. "आणि तिला यायचं होतं. पण शेळ्यांची धार कोण काढणार?"

तिनं हात लांब केला आणि रिकाम्या खुर्चीपुढचा दुसरा ग्लास उचलला.

"अहो, तो तिचा आहे!" रेमी ओरडला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि खिडकीतून टेकडीकडं बघत तिनं तो हळूहळू रिकामा केला.

रेमीनं डोक्यावरची टोपी काढली, मग चूक लक्षात येऊन घाईघाईनं परत घातली. बर्तीनआई खणापाशी गेली. तिनं नॅपकिन काढला आणि दोन्ही हातांनी सोलांजपुढं ठेवला. या वेळी जवळपास कांदा नव्हता.

सोलांजनं तो तोंडाला लावला. साबणाचा वास आला, इस्त्रीचा आला. फेलिक्सचा कुठंच नव्हता. बर्तीनआईनं तो स्वच्छ धुऊन ठेवला होता.

तिनं ओठ टिपले, घडी घातली आणि नॅपकिन परत दिला.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "शेळ्या विकल्यात मी."