डबल बेल

जेवणाची खोली मी रस्त्याला देऊन टाकली तेव्हा मुलीनं कपाळाला हात लावला. आयुष्यभर ट्राम चालवलेल्या माणसानं निवृत्तीनंतर वीतभर लांबीची ट्राम चालवायला घ्यावी, यात हसण्यासारखं पुष्कळ आहे हे मलाही कळत होतं; पण हौस भागवायला मी हे मांडलं नव्हतं. माझी बायको मला विसरली होती. ती माझ्याच गाडीवर कंडक्टर. एकदा घंटा वाजली की थांबायचं आणि दोनदा वाजली की निघायचं. अठरा वर्षं तिच्या डबल बेलशिवाय मी गाडी तसूभर हलवली नाही. घरीसुद्धा मी तिला कंडक्टरबाईच म्हणायचो. आता ती मला पाहिलं की दाराआड व्हायची. आईला परक्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतंय, मी तिला माझ्याकडे नेते, असं मुलगी म्हणाली, आणि मी महिनाभराची मुदत मागून घेतली.

फळ्यांवर मी आमचा जुना मार्ग हुबेहूब उभा केला. रूळ रस्त्याच्या पातळीत बसवणं भलतंच किचकट असतं. रुळांमध्ये प्लास्टर भरताना ते केसभर जरी वर आलं तरी चाक उचललं जातं, वीज तुटते आणि गाडी रुसून बसते. मी प्रत्येक सांध्याला खालून तांब्याची तार जोडली, रूळ पॉलिश पेपरनं घासले, पुठ्ठ्याची दुकानं चिकटवली. गाडी फिरू लागली, आणि बायको दार सोडून खुर्चीत येऊन बसली.

तिसऱ्या दिवशी गाडी शिंप्याच्या दुकानापाशी थांबली. तिथं थांबा कधीच नव्हता. मी प्लास्टर खरवडलं, सांधा पुन्हा जोडला, मीटर लावून पाहिला. काटा बारा व्होल्टवर, वीज ठणठणीत. मी डोकं खाजवत उभा असताना तिनं खुर्चीच्या हातावर अंगठीनं दोनदा ठोकलं, आणि गाडी निघाली. मी चक्क रडलो. त्यात लाज कसली?

मग ते रोजचंच झालं. गाडी शिंप्यापाशी थांबायची, बायको जरा वाट पाहायची आणि डबल द्यायची. आपली खूण पटली, आता माझी ओळखही पटेल, अशा आशेवर मी प्लास्टर खरवडणंच सोडून दिलं. एकदा न राहवून विचारलं, की इथं गाडी कशाला थांबते?

"एक जण उतरतोय," ती म्हणाली. "सावकाश उतरतो बिचारा."

मी हसलो. पण गाडीचं थांबणं दिवसेंदिवस लांबत चाललं होतं, आणि तेवढा वेळ बायको दुकानाकडे पाहत नसे. ती माझ्या पायांकडे पाहायची, म्हाताऱ्या उतारूचा पाय पायरीवर नीट पडतोय ना, हे कंडक्टरनं पाहावं तशी.

मुदतीच्या शेवटच्या दुपारी मुलगी आली. आईचे कपडे न्यायला आणलेली बॅग तिनं मुद्दाम बाहेरच ठेवली, हे पाहून मला भरून आलं. गाडी एक फेरी मारून शिंप्यापाशी थांबली. आता मध्येच ती निघू नये, बायकोचं लक्ष जाऊ नये, म्हणून मी भिंतीतला प्लग काढून हातात धरला. मुलगी आईपाशी बसली आणि तिनं हळूच विचारलं, "आई, यांना ओळखलंस?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. दाराआड जाण्याची घाई नाही, भीती नाही. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याकडे पाहून हसली.

"ओळखते की," ती म्हणाली. "हे रोज इथंच उतरतात."

मुलीनं मान खाली घातली. बायको पुढे वाकली आणि फार मायेनं, अगदी माझ्या कंडक्टरबाईच्या आवाजात म्हणाली, "जा आता घरी. बायको वाट बघत असेल तुमची."

आणि तिनं अंगठीनं दोनदा ठोकलं. प्लग माझ्या मुठीत होता. गाडीचा दिवा लागला, आणि ती मला तिथंच ठेवून वळणावरून निघून गेली.