मला गॅरेजमध्ये टाकणारा एजंट

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. मला गॅरेजमध्ये टाकून आमचे घर विकायला निघालेल्या माणसाची ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची. ‘माणूस’ हा शब्द मी केवळ सौजन्य म्हणून वापरते.

मित्रांनो, सुताराने मला याच घरात, जेवणाच्या खोलीत बसून घडवले. आठ जणांचे अख्खे टेबल पायांसकट दारातून आत आलेच नसते. जाड पाय आणि बोट फिरवले तर कुठेही अडणार नाही अशी गोल कड. घरचे काका चष्म्याचे दुकान चालवत, काकू शिवण शिकवत. माझ्यावर मुलीचा अभ्यास झाला, कापडे बेतली गेली, रुसवेफुगवे झाले. पाहुणे आले की काकू मला थोपटून म्हणत, “हे आहे म्हणून घर भरलेलं वाटतं.” असे कौतुक ऐकून लाकडालाही थोडे चढते.

पुढे मुलगी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. काकू जिन्यावरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. न्हाणीघर वरच्या मजल्यावर. काका त्यांना धरून एकेक पायरी चढवत आणि वर पोचल्यावर दोघेही भिंतीला टेकून दम खात. मुलीच्या शेजारी तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. मालक उन्हाळाभर थांबायला तयार होता. तोवर हे घर विकले जायला हवे होते.

आधी एक एजंटबाई आल्या. त्यांनी घराची स्तुती केलीच नाही. ओल कुठे येते, पाणी कसे आहे, शेजारी भांडकुदळ आहेत का, सगळे खोदून खोदून विचारले. काकूंना म्हणाल्या, “जिन्यात कुठल्या पायरीवर जास्त दुखतं?” त्या गेल्यावर काका फणकारले, की बाई घर विकायला आल्या होत्या की उलटतपासणी घ्यायला.

मग दुसरा आला. अत्तराचा वास आधी, तो मागून. भिंतींना हात लावत म्हणाला, “असं घर या भागात नाही, काका. माझ्याकडे गिऱ्हाइकांची रांग लागलीय.” माझ्याभोवती बसून लोक आयुष्यभर थापा मारत आले, पण इतकी गुळगुळीत थाप मी कधी ऐकली नव्हती. काका मात्र विरघळले. दुसऱ्यांच्या नजरा तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि समोरचा माणूस काही त्यांना दिसेना.

अत्तरवाल्याचा पहिला हुकूम माझ्याविषयी होता. या धुडामुळे म्हणे खोली लहान दिसते. माझे पाय सोडवून मला गॅरेजच्या भिंतीला टेकवले. माझ्या जागी काचेचे टीचभर टेबल, दोन खुर्च्या आणि एका भांड्यात प्लास्टिकची लिंबे आली. ज्याला खरे लिंबू ठेवायचाही कंटाळा, तो आमचे घर विकणार होता.

दुसरा हुकूम याहून हलकट. “लोक बघायला आले की काकूंना पुढे नका आणू. आजारी माणूस दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं.” मग दर वेळी काकूंची खुर्ची गॅरेजमध्ये, माझ्याशेजारी. त्या माझ्या कडेवरून बोट फिरवत बसत.

उन्हाळा सरत आला. एके दिवशी एक कुटुंब आले: नवराबायको, मुले आणि सासूबाई. एवढ्या माणसांनी इथे जेवायचे कसे, असे सूनबाई काचेच्या टेबलापाशी कुजबुजली, हे मला पुढे तिच्याच तोंडून कळले. तोवर सासूबाईंनी गॅरेजचे दार उघडले.

“अगंबाई, तुम्ही इथे अंधारात काय करताय?”

“घर चांगलं दिसावं म्हणून बसलेय,” काकू म्हणाल्या.

सासूबाई वळल्या. “घरची बाई लपवणाऱ्यांनी भिंतीत काय काय लपवलं असेल?” एवढे बोलून त्या सगळ्यांना घेऊन निघाल्या.

अत्तरवाला काकूंवर खेकसला, “जरा दाराला आतून कडी घालता आली नाही?”

काका मागेच उभे होते. त्यांनी शांतपणे लिंबांचे भांडे आणून त्याच्या हातात दिले आणि फाटकाकडे बोट दाखवले. मग काकूंसमोर मान खाली घालून उभे राहिले.

“त्या बाईंना बोलवा,” काकू म्हणाल्या. “मला पायरी विचारणाऱ्या.”

त्या आल्या. टोमणा मारला नाही. आधी मला जेवणाच्या खोलीत आणून पाय लावून घेतले, मग काकूंना माझ्यापाशी बसवले आणि त्याच कुटुंबाला पुन्हा बोलावले. ओल, जिना, सगळे काकूंनीच सांगितले. सासूबाई माझ्यावर कोपरे टेकून ऐकत राहिल्या. शेवटी घर घेताना त्यांनी एकच अट घातली, की टेबल इथेच राहील. काकूंनी क्षणभर माझ्यावर तळवा ठेवला. “राहू दे. तिथे मावणारही नाही ते.”

अत्तरवाल्याचा हसरा चेहरा पुढे चौकातल्या फलकावर झळकला, आणि पावसाने दोन वर्षांत ओघळला. एजंटबाईंनी म्हातारपणी स्वतःचे घर विकले, तेव्हा आलेल्या एजंटांना म्हणे घाम फोडला. काका नव्या घरी बरीच वर्षे जगले. काकू काठी टेकत रोज मुलीच्या दारापर्यंत जात. सासूबाई गेल्या. त्यांची नातवंडे आता माझ्यावर आपल्या मुलांचा अभ्यास घेतात.

मित्रांनो, कधी घर विकायची वेळ आली, तर घराची स्तुती करणाऱ्याला पाणी द्या आणि वाटेला लावा. घरात कोणाला काय दुखते हे विचारणाऱ्याला मात्र बसवून घ्या. जमल्यास चांगल्या, जाड पायांच्या टेबलापाशी.