तिसरे धुराडे

"अहो काजळे, जरा बेताने! कोळशाचा नमुना फुटेल!" कंपनीचे मोजणीदार साहेब बांधावरून ओरडले.

काजळ्या हे त्याचे पाळण्यातले नाव नव्हे. तीस वर्षे कोळसा पाडला म्हणून गावाने ते त्यास बहाल केले होते, आणि साहेब त्यालाच आडनाव समजत. काटेरी झुडपे खड्ड्यात पेटवावी, ज्वाला मावळताच पाणी मारून मातीने तिचा गळा दाबावा आणि निघालेला कोळसा शेतात हातभर खोल पुरावा, हे काम तो एका कंपनीसाठी दोन वर्षे निष्ठेने करीत होता. झाडाने हवेतून ओढलेला धूर या योगे जमिनीत कोंडला जातो, हे ऐकून त्याची छाती अभिमानाने फुगली होती.

परंतु आज त्याचे चित्त कामात नव्हते. ओढ्यापलीकडील सिमेंट कारखान्याचे तिसरे धुराडे, जे धुराला मर्यादा घालणाऱ्या कायद्यामुळे वर्षभर थंड पडले होते, ते पहाटेपासून पुनश्च ओकू लागले होते. पानापानावर राखाडी थर बसला होता. त्या वर्षभरात त्याच्या पत्नीचा खोकला निवला होता. आज ती चुलीपुढे पुन्हा दुमडून बसली होती.

"साहेब, ते धुराडं पेटलं कसं?"

साहेब खुलले. "तुमच्यामुळेच की! सरकारनं आता पुरलेला कोळसाही देशाच्या धूरबाजारात धरलाय. तुम्ही इथं टनभर धूर गाडला, की त्याचा दाखला कारखाना घेतो आणि तेवढा टनभर जास्त सोडतो."

काजळ्याच्या हातातील कुदळ थबकली. "म्हणजे मी गाडायचं आणि त्यांनी ओकायचं?"

"देशाचा एकूण धूर तेवढाच राहतो ना!"

"देशाचं राहू द्या हो! धूळ कुणाच्या नाकात जाते? आभाळाचा हिशेब जुळला, माझ्या बायकोच्या छातीचा कोण जुळवणार? चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथं तर संन्याशाकडूनच दोर वळून घेतला!"

"धुळीचं खातं वेगळं. ते माझ्याकडं नाही."

"वा! धूर तुमच्याकडं, धूळ भलत्याकडं, आणि खोकला तेवढा आमच्याकडं!"

गेल्या हंगामात कोळसा पुरलेल्या चरावर त्याने कुदळीचा घाव घातला.

"अहो, हे काय! शंभर वर्षं हात लावणार नाही, असं लिहून दिलंय तुम्ही! उकरलात तर दाखला रद्द होईल, कारखान्याला ते धुराडं विझवावं लागेल!"

बोलून गेल्यावर साहेबांनी जीभ चावली. तोवर पाण्याची कळशी घेऊन पत्नी बांधावर पोहोचली होती. तिने कळशी खाली ठेवली आणि फावडे उचलले.

"आधी नाही का सांगायचं, साहेब?"

"वहिनी, तुम्ही तरी समजवा यांना! हातचं काम जाईल. पुन्हा कुणी तुमचा कोळसा घेणार नाही."

"काम दुसरं बघू. श्वास दुसरा कुठून आणू?"

दुपारपर्यंत चर उघडा पडला. काळ्याभोर ढिगांची छायाचित्रे काढीत साहेब फोनवर कोणाची तरी मनधरणी करीत होते. तिसरे धुराडे अद्याप ओकतच होते. कागद वर पोहोचण्यास दिवस लागतात, हे काजळ्या जाणून होता. घाम पुसण्यासाठी तो क्षणभर उभा राहिला.

पत्नीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत फावड्यावर रेलून तिने तोंड पुसले, आणि त्याच्याकडे पाहिले.

"थांबलात का? अजून चार चर बाकी आहेत."