पदरातला नारळ

पाण्यावर उतरलेल्या इवल्याशा विमानाच्या पंख्याची घरघर थांबली आणि त्या निर्मनुष्य दरीत आईचा खणखणीत गेवराईचा आवाज घुमला, "अगं, ह्या इमानानं तर पायात व्हड्या घातल्यात!" उत्तर कॅनडातली ती अफाट नदी, काठावरचं काळसर सूचिपर्णी अरण्य आणि कोवळं, पिवळट ऊन हे सगळं होतंच; माझ्या स्मरणात मात्र त्या भव्यतेच्या मधोमध राखी लुगड्यावर माझं फुगीर जाकीट चढवलेली आईच उभी आहे.

गावी असताना ती दरवर्षी खणा-नारळानं गोदावरीची ओटी भरायची. बाबा गेले आणि तिचा तो मानही गेला. बाकीच्या बायका पाण्यात उतरत, आणि ही मागे त्यांच्या पिशव्या सांभाळत उभी राही. मला भयंकर राग यायचा.

इथे तिनं जाकिटातून हळूच नारळ काढला. विमानात बसण्यापूर्वी आमची वजनं झाली तेव्हा "लुगडंच जड हाय" म्हणून तिनं दडवलेला ऐवज तो हाच! झाडांआडून भावकी डोकावतेय की काय, अशा धास्तीनं तिनं चहूकडे पाहिलं.

"हितं कोन बघतंय? भरू का गं वटी?"

"भर," मी म्हणाले.

काठावर वाकून तिनं कुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, नारळ सोडला. तो दिमाखात निघाला. तेवढ्यात तांबड्या दाढीचा आमचा धिप्पाड वैमानिक "सॉरी, सॉरी" करत धावला. म्हातारीच्या हातून काहीतरी निसटलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत! बुटांसकट पाण्यात उतरून त्यानं विमानातल्या वल्ह्यानं नारळ ओढला, शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी अदबीनं पुढे केला. सवयीनं आईनं पदर पसरला होता. त्यानं त्यात तो ठेवला.

आई थिजली. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "नदीची भराया गेले, तर तिनं माझीच भरली की गं! ह्यो डायवर कुनाचा म्हनायचा?"

"गोदावरीच्या माहेरचा," मी म्हणाले.

आता आई नाही. गोदाकाठी गेले की मी आधी मागे पिशव्या सांभाळणाऱ्या बायका शोधते आणि त्यांची ओटी भरते. त्या बावरून पदर पसरतात, आणि त्या दूरच्या पिवळट उन्हातून आई क्षणभर परत येते, हसते आणि पाण्यासारखी पुढे निघून जाते.