डिस्कमध्ये अडकलेला आवाज

कॅन्सरमुळे अभिराजचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनआधी तो बहिणीच्या, हर्षिताच्या, व्हाइटफील्डमधल्या फ्लॅटमध्ये बसून तासन्‌तास मोठ्याने वाचत असे. त्या रेकॉर्डिंगवरून त्याच्याच आवाजात बोलणारं अ‍ॅप तयार होणार होतं. सगळं एकाच हार्ड डिस्कवर होतं.

आणि आता ती डिस्क जोडली की लॅपटॉपवर दिसायची, लगेच गायब व्हायची. हर्षिताने केबल बदलली, हब काढून थेट जोडून पाहिली. तेच. शेवटी तिने घाईघाईत एक स्वस्त एन्क्लोजर, म्हणजे डिस्क बसवायचं नवं केस, मागवलं, आणि जुन्या केसमधून डिस्क काढून त्यात बसवली. स्क्रीनवर प्रश्न उमटला : डिस्क फॉरमॅट करायची?

अभिराजने फोनवर टाइप करून समोर धरलं, 'ताई, काही दाबू नको.'

राजाजीनगरमधला दुरुस्तीवाला मंजुनाथ मूळचा निपाणीचा. त्याने डिस्क आणि जुनं केस दोन्ही तपासलं.

"अक्का, स्वल्प थांबा. तुमचं जुनं केस डेटा लॉक करून लिहितं, अन् त्याचंच सर्किट गेलंय. तसलंच केस मिळालं तरच उघडंल."

"मग द्या ना!"

"आता ते मॉडेल येतच नाही हो."

हर्षिताने ऑफिसात, सोसायटीत, दिसेल त्या ग्रुपवर केसचा फोटो टाकला. लोकांनी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या, केस कुणीच पाठवलं नाही. रोज ती ऑफिसच्या कॅबमध्ये तोंड फिरवून रडायची. अखेर मल्लेश्वरमहून वसुमती नावाच्या निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. "माझ्याकडे आहे तसलं. माझे फोटो दुसरीकडे हलवते, तुम्ही या."

दोघं भावंडं वसुमतीकडे गेली. तिच्या दिवाणखान्यात डिस्क त्या केसमध्ये बसली, अ‍ॅडॉप्टर जोडला. फाइली दिसल्या! कॉपी सुरू झाली. जेमतेम निम्मं झालं आणि डिस्क टकटक करत थांबली. मग ती काही केल्या उठली नाही. बिघाड नुसत्या केसचा नव्हताच.

अ‍ॅपवाल्यांनी फोनवर सांगितलं, एवढ्यावर आवाज होईल, पण तुटक होईल.

अभिराजने कॉपी झालेली एक फाइल लावली. वाचता वाचता तो मध्येच खळखळून हसला होता. तेवढंच त्याने पुन्हा लावलं. वसुमतीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हर्षिताला मात्र त्याच्याकडे बघवेना. ती खाली बसून वायरी गुंडाळत राहिली.