पहिल्या हाकेला

संताजीरावांच्या घराण्यात हौसेने तंबूत राहिलेला माणूस शोधून सापडला नसता. साडेतीनशे वर्षांपूर्वी पूर्वज फौजेबरोबर बंगळुरात आले तेव्हा राहिले असतील, पण ते पोटासाठी. चिकपेटच्या मागच्या गल्लीत एकदा भिंती उभ्या राहिल्यावर पुढच्या पिढ्यांनी डोक्यावरचं छप्पर सोडून झोपायचा वेडेपणा केला नाही. त्यामुळे दसऱ्याच्या सुट्टीत कावेरीकाठी तंबू ठोकून दोन रात्री राहायचं असं संताजीरावांनी ठरवलं, तेव्हा गल्लीने तोंडात बोटं घातली. शेजारची गंगव्वा म्हणाली, ज्यांना घर नाही ते उघड्यावर झोपतात, तुम्हाला काय धाड भरली?

धाड संताजीरावांना भरली नव्हती, त्यांच्या बारा वर्षांच्या भव्याला भरली होती. वर्गातल्या कुणा मुलीने कॅम्पला गेल्याच्या बढाया मारल्या आणि तेव्हापासून हिने बापाच्या मागे भुणभुण लावली. बाप विरघळला. त्यांचा मित्र गुंडो लग्नाचे मांडव घालायचा धंदा करी. त्याच्याकडून मॅटडोर व्हॅन, थोडे बांबू आणि शामियान्याचं लाल-पिवळं कापड आलं. कापडाला कुणाच्या तरी लग्नातल्या सांबाराचा वास अजून येत होता.

संताजीरावांच्या बायकोला, सकवारबाईला, मात्र जायचं नव्हतं. का जायचं नाही ते ती सांगेना. अंग दुखतंय म्हणाली, घर उघडं कसं टाकायचं म्हणाली. खरं कारण तोंडातून निघालं असतं तर नवऱ्याने तिला नदीवर न नेता वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं. खरं कारण असं, की रोज दिवेलागणीला तिचा मेलेला मुलगा दाराशी येऊन हाक मारी, आणि आता दोन संध्याकाळी त्या दाराला कुलूप असणार होतं.

हे समजायचं तर त्या वर्षांतली बंगळुरातली दारं डोळ्यांसमोर आणायला हवीत. गल्लोगल्ली, दारादारावर, खडूने नाहीतर चुन्याने कानडीत दोन शब्द लिहिलेले असत, 'नाळे बा', म्हणजे उद्या ये. एक बाई हिंडते म्हणे. तिन्हीसांजेला दाराशी येते आणि घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते. ओ दिली की माणूस संपला. पण दारावर 'उद्या ये' वाचलं की ती मुकाट्याने परत फिरते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते, पुन्हा जाते. सरकारी कचेरीत खेटे घालणारं माणूसही इतकं गरीब नसतं. भूत शिकलेलं आहे पण अक्कल गहाण टाकलेली दिसते, असं संताजीराव हसून म्हणत आणि म्हणता म्हणता दारावर खडूही फिरवत. दुसरा नियम गंगव्वाने घालून दिला होता. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारतं, भूत एकदाच मारतं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिच्या थोरल्याने, अभिराजने, दारात सायकल थांबवून एकदाच हाक मारली. 'आईऽ' मधला ई लांबवायचा आणि शेवटी खाली सोडून द्यायचा, ही त्याची पद्धत. सकवार आत भव्याला पोटाशी धरून बसली होती. आवाज लेकाचाच होता, म्हणूनच ती घाबरली. ती दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली. चौदा वर्षांच्या पोराला कुठला आलाय धीर? सायकलची घंटी वाजली आणि लांब गेली. चिकपेटच्या तोंडाशी कापडाचे गठ्ठे उतरवून मागे येणाऱ्या लॉरीखाली तो सापडला. तो काय मागायला आला होता, तहान लागली होती की काही विसरलं होतं, हे तिला कधीच कळलं नाही.

मग सकवार भिंतीला टेकून बसली ती उठेचना. संताजीराव शिजवतील ते शिजे. नवरा सकाळी कामावर जाताना दारावर ते दोन शब्द लिही आणि बायको दुपारी पदराने पुसून टाकी. आपल्याच पोराला दारातून परत पाठवायचं, तेही रोज, हे तिच्याच्याने होईना. दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

पावसाळ्यात एका तिन्हीसांजेला हाक आली. 'आईऽ'. तोच ई, तसाच शेवटी खाली उतरलेला. सकवार धावत सुटली आणि तिने कडी काढली. उंबऱ्याबाहेर भव्या होती, हिंदीच्या शिकवणीहून आलेली, पाठीवर दप्तर. सकवारने तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. गल्लीत माणसं होती, ऑटो होत्या, कोपऱ्यावर कुणाची तरी सायकल वळत होती. बहिणीला पाहून तो निघून गेला असणार. तिला जराही भीती वाटली नाही. उलट तिला इतका आनंद झाला की ती तिथेच उंबऱ्यावर बसून रडली.

त्यानंतर हाक क्वचितच चुकली. सकवार दुपार कलली की तोंड धुई, वेणी घाली, दिवा लावी, आणि हाक येऊन गेली की कणीक मळायला बसे. गल्लीला वाटलं, बाई सावरली. काळ सगळ्यावर औषध आहे असं गंगव्वा चारचौघांत सांगू लागली. एकदा सकवारने भव्याला विचारलंही, गल्लीत कुणी दिसलं का गं? भव्याने खाली मान घालून नाही म्हटलं.

तर अशी बाई गाडीत बसली, ती नवऱ्याने हात जोडले म्हणून. आयुधपूजेला बांधलेली केळीची रोपं व्हॅनच्या पुढे अजून होती, सुकून खडखड वाजत होती. कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर फोडून पूजा साग्रसंगीत झाली होती, पण इंजिनापर्यंत ती पोचली नसावी. कनकपुरा मागे टाकून कावेरीवरच्या संगमाच्या रस्त्याला लागल्यावर पुढून फटकन आवाज झाला आणि वाफेचा लोट उठला. फॅन बेल्ट तुटला होता. संताजीरावांनी तुटलेला पट्टा हातात धरून पाहिला, जणू त्याला जाब विचारायचा होता. मग ते रस्त्याच्या कडेला उभे राहून लॉऱ्यांना हात करू लागले. कनकपुऱ्यात बेल्ट मिळतो का बघतो, एसटीडी बूथवरून गुंडोला फोन करतो आणि अंधाराच्या आत येतो, असं त्यांनी सांगितलं. बेल्ट नाहीच मिळाला तर बंगळूरची बस याच रस्त्याने जाते, तिने परत जाऊ. स्वल्प धीर धरा म्हणाले आणि खडीच्या लॉरीत चढून गेले.

त्यांच्या बोलण्यातलं एकच सकवारने धरून ठेवलं. बस इथून जाते.

ऊन उतरू लागलं. दिवेलागणीला पोचणं जमलं नसतं, पण थोडाच उशीर झाला असता. एखाद्या दिवशी तो उशिराही येई. आणि आज त्याला कुलूप दिसलं, वर नवऱ्याने जाताना मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं 'उद्या ये' दिसलं, तर? एकदा आईने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदाही उघडलं नाही. तिसऱ्यांदा तो कशाला येईल?

लांबून बसचा आवाज ऐकू आल्यावर ती उठली. पिशवीतून घराची किल्ली घेतली आणि भव्याला म्हणाली, तू गाडीत बस, काचा वर कर, अप्पा येतीलच, मला घरी काम आहे. कसलं काम, असं भव्याने विचारलं नाही. बारा वर्षांची पोर परक्या रस्त्यावर एकटी टाकून आई निघाली. हे आईला शोभतं का? शोभत नाही हे सकवारलाही कळत होतं, पण पाय थांबले नाहीत. पुढे चिंचेच्या झाडाशी बस थांबेल या हिशेबाने ती भराभर चालू लागली. वळणावर धूळ दिसली.

'आईऽ.'

मागून आली हाक. तोच ई. सकवार जागच्या जागी थिजली आणि मग गर्रकन वळली. आता तरी तो दिसेल म्हणून तिने नेहमीसारखं दूरवर पाहिलं. रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना भुईमुगाचं रान, घोट्याएवढं. मांजर लपायचं म्हटलं असतं तरी लपलं नसतं. मधे मॅटडोर उभी होती आणि तिच्या पुढे भव्या. गल्लीत माणसं असायची, कोपरे असायचे, दिसला नाही तरी तो वळून गेला म्हणता यायचं. इथे वळून जायला काही नव्हतं.

भव्याने पुन्हा हाक मारली. या वेळी सकवारला तिचे ओठ हलताना दिसले.

बस जवळ येऊन हळू झाली. कंडक्टरने दारातून वाकून पाहिलं, बाई हात करत नाही म्हटल्यावर शिट्टी मारली आणि बस गेली.

सकवार परत आली तेव्हा तिचा हात उगारलेलाच होता. भव्या बाजूला झाली नाही.

"मीच होते," ती म्हणाली. "रोज मीच."

उगारलेला हात सकवारला कुठे ठेवावा कळेना. तिने तो व्हॅनच्या पत्र्यावर टेकला. तिचा मुलगा त्या क्षणी दुसऱ्यांदा मेला, आणि या खेपेला तिच्या डोळ्यांदेखत मेला. ती मटकन पायरीवर बसली.

भव्याने सगळं सांगितलं. रडत नव्हती, शाळेत बाईंनी उभं केल्यावर बोलतात तसं बोलत होती. आधी ती स्वतःच्याच आवाजात हाका मारी. तीन मारी, दहा मारी. आई आतून उठायची नाही. पाऊस असला तर पावसात उभं राहावं लागे, मग गंगव्वक्का येऊन दार बडवत. एके दिवशी रागाने, किंवा आठवण आली म्हणून, ते तिलाही नीट माहीत नव्हतं, तिने अण्णासारखी, अभिराजसारखी, हाक मारून पाहिली. आई धावत आली.

"मग तेव्हाच सांगायचं होतंस," सकवार म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"तू दिवा लावायला लागलीस ना. चपात्या करायला लागलीस." "पण मला आता नको वाटतं, आई. घसा दुखतो. तंबूला दार नसतं ना, म्हणून अप्पांना म्हटलं, तंबूत जाऊ. तिथे दोन दिवस हाक मारायला लागणार नाही."

दोघी व्हॅनमध्ये शामियान्याच्या घडीवर जाऊन बसल्या. सूर्य बुडाला. रानातले तित्तिर ओरडून गप्प झाले आणि ती वेळ आली. सगळं कळलं होतं, तरी सकवारचे कान टवकारले गेले. सवय माणसासारखी एका क्षणात मरत नाही. तिकडे गल्लीत दिवे लागले असतील, दारावर पांढरी अक्षरं असतील, आणि ती वाचायला कुणीही येणार नाही. आजही नाही आणि उद्याही नाही. भूत असतं तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं. भुताच्या तावडीत सापडून मेली असती, पण लेकरू रोज दारात येतं एवढं तरी खरं राहिलं असतं. बाहेरची शांतता इतकी पोकळ होती की तिला त्या शांततेचीच भीती वाटू लागली.

"भव्या," ती कुजबुजली. "एकदा मार. त्याच्यासारखी. मी ओ देते. त्या दिवशी दिली नाही गं मी. एकदाच मार."

अंधारात भव्याने श्वास घेतल्याचं सकवारला ऐकू आलं आणि सकवारच्या घशाशी ती ओ येऊन थांबली.

"नाही मारणार," भव्या म्हणाली. "मग तू पुन्हा माझ्या डोक्यावरून बघशील."

सकवारच्या घशातली ओ तिथेच राहिली. ती लेकीकडे वळली. पण आता बघायचं म्हटलं तर अंधार पडला होता, आणि भव्याचं तोंड काही केल्या दिसेना. म्हणून तिने हात पुढे केला आणि चाचपडत पाहिलं. कपाळ, भुवया, नाक, गालावरचं पाणी. मोठी झाली होती पोर. भव्याने डोळे मिटून घेतले आणि तो हात तिथेच राहू दिला.