व्यंकटीची डावी टाच

मी एक जुनी पत्र्याची होडी आहे आणि मित्रांनो, स्वभावाने फार संशयी आहे. वारा पडला की मला वाटते, हा दबा धरून बसला आहे. कुणी माझे कौतुक केले की वाटते, याला काहीतरी हवे आहे. पाण्यावर भोळेपणा परवडत नाही, असे मी नेहमी म्हणायची. माझी हकिकत ऐकून तुम्ही विचाराल, एवढा संशय असून हिचा उपयोग काय झाला? खुशाल विचारा. मी तेच स्वतःला विचारते.

माझा जन्म निलंग्याचा. रेवणसिद्ध नावाच्या वेल्डरने एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीचा पत्रा कापून मला घडवले. पहिले वर्षभर माझ्या अंगाला गोडसर वास येई आणि मला काठावर ओढून ठेवले की मुंग्यांची रांग लागे. लोक माझ्या मालकाला, व्यंकटीला चिडवत, "मासे धरायलास का गूळ इकायलास?" व्यंकटी शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या तळ्यावर मासेमारी करतो. तो चिडत नसे. माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणे, "काय बी म्हना, लई इमानी हाय माझी होडी."

दहा-अकरा वर्षे मी त्याची जाळी वाहिली. एका पावसाळ्यात पूल खचला तेव्हा पलीकडच्या वस्तीवरची शाळेची मुले मीच आणली-नेली, आणि माझा फोटो पेपरात आला. त्या फोटोनंतर मात्र व्यंकटी जरा सैलावला. आधी तो दर उन्हाळ्यात मला उलटी करून गंज खरवडायचा आणि डांबर लावायचा. मग एक वर्षाआड लावू लागला. मग नुसता वरून निळा रंग. मीही काही कुरकुरले नाही. साऱ्या जगात व्यंकटी हा एकच माणूस होता, ज्याच्यावर मी कधी संशय घेतला नव्हता.

आता यंदाच्या येळवसाची गोष्ट. वेळ अमावस्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळा लातूर जिल्हा रानात जेवायला जातो आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीला बसवतो. व्यंकटीला रान नाही. त्याचे रान म्हणजे तळे. म्हणून दर येळवसाला त्याची बायको पंचफुला शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि बिंदगंभर, म्हणजे घागरभर, आंबील माझ्यात आणून ठेवते आणि व्यंकटी चार दिशांना आंबील शिंपडतो.

त्या सकाळी त्याने मला पाण्यात ढकलले आणि माझ्या तळातून बोटभर पाण्याची धार वर आली. गंजलेल्या जागी रुपयाएवढे भोक पडले होते.

"आज न्हेऊ नका," पंचफुला म्हणाली. "उद्या रेवणसिद्धकडं टाकू."

"पाव्हणे लातूरहून निघालेत. येळवसाच्या दिवशी पाव्हण्याला माघारी लावू व्हय?"

"मग काठावर जेवू घाला."

"त्यास्नी पान्यात मासे धरायचे हायत. होडी फुटकी हाय म्हनून सांगू? सारं गाव हासंल." त्याने चिंधीला डांबर फासले, भोकात कोंबले, वर गोणपाट टाकले आणि आपली डावी टाच त्यावर रोवून बसला. धार थांबली.

मला हायसे वाटले. खरे सांगते, आनंदच झाला. रेवणसिद्धच्या दुकानामागे जुन्या पत्र्याचा ढीग असतो आणि त्या ढिगातून परत आलेले मी कुणी पाहिलेले नाही. मी ठरवले, भोक कुणाला दिसू द्यायचे नाही.

पाहुणे आले. संघपाल सर कॉलेजात शिकवतात आणि त्यांच्या पत्नी महामायाताई दवाखान्यात नर्स आहेत. "सगळं लातूर रानात गेलंय," सर हसत म्हणाले, "आमाला बी रान न्हाई. म्हणून म्हटलं, तळ्यावर जाऊ." सरांकडे गळ टाकायची, फिरकीची चकचकीत दांडी होती. आपल्याला पोहता येत नाही, हेही त्यांनी हसतच सांगितले. महामायाताई मात्र हसल्या नाहीत. चढण्याआधी त्या वाकल्या, माझ्या कडेवर बोटाने टकटक केली आणि कान देऊन ऐकले. माझा पत्रा शहारला. ही बाई भंगारवाल्याची कुणी आहे, अशी माझी खात्रीच पटली.

"मामा, डांबराचा वास ताजा येतोय," त्या म्हणाल्या.

"सनाचं लावलंय ताई," व्यंकटी म्हणाला. तो पहिल्यांदाच खोटे बोलला. आणि मी संशय कुणावर घेतला? ताईंवर!

वल्ही चालली. सर अंदमानच्या गोष्टी सांगू लागले. तिथे त्यांनी दिवसभरासाठी बोट भाड्याने घेतली होती. काचेसारखे पाणी, खाली प्रवाळ, प्रवाळात हिरवे-निळे मासे. "आणि बोटवाल्यानं आधी जाकिटं घालायला लावली," ताई मध्येच म्हणाल्या.

"आमच्याकडं प्रवाळ न्हाई सर," व्यंकटी म्हणाला, "पर जुनं गावठान बुडालेलं हाय. त्याच्या दगडात लई मोठे कटले बसत्यात." त्याने मला बरोबर त्या जागेवर आणले. तळ्यातले सर्वांत खोल पाणी तेच.

सरांनी कणकेचा गोळा लावून गळ टाकला. दोन तास गेले. व्यंकटी जागचा हलला नाही. दोरी गुंतली तर बसूनच सोडवली. ताईंनी उंडा पुढे केला तर हात लांबवून घेतला.

"मामा, तुमचा पाय अवघडला नाही का?"

"सवय हाय."

ताई त्याच्या टाचेकडे पाहत होत्या आणि मी ताईंकडे. मनात म्हणत होते, बघते तुझी चौकशी कुठवर जाते.

एवढ्यात दांडी वाकली. फिरकी करकरली. सर उठून ओरडले, "मामा, मोठा हाय! जाळी, जाळी!"

हातजाळी पुढच्या टोकाला होती. व्यंकटी मासेमार आहे मित्रांनो. वीस वर्षांची सवय डोक्याला विचारत नाही. तो उठला आणि दोन पावले पुढे गेला.

चिंधी निसटली. पाणी नुसते आले नाही, उसळले. व्यंकटीने मागे उडी मारून टाच दाबली, तेव्हा कुजलेल्या पत्र्याचा आणखी एक तुकडा गळून पडला. आता ते भोक एका टाचेला झाकेना.

"अहो, सोडा तो मासा!"

"अगं, धा किलोचा असंल!" सर दांडी सोडेनात. मासा दगडांकडे ओढत होता आणि मी त्या बाजूला कलत होते. ताईंनी कांदा चिरायची सुरी उचलली आणि दोरी कापली. मग आंबिलीचे बिंदगे पाण्यात पालथे केले आणि त्याच बिंदग्याने माझ्यातले पाणी उपसू लागल्या. "डबा घ्या! उपसा! मामा, तुम्ही फक्त वल्हवा!"

मी पुरी घाबरले. माझ्यासाठी नाही. सर डब्याने पाणी उपसत होते आणि पुन्हा पुन्हा काठाकडे पाहत होते. काठ काही जवळ येत नव्हता. माझ्या पोटात तीन माणसे होती आणि मी दिवसभर भंगाराच्या ढिगाची चिंता करत बसले होते! काठापासून दहा हातांवर मी तळाला टेकले. पाणी गुडघ्याएवढे होते. तिघे चालत बाहेर आले.

पंचफुला धावत आली. व्यंकटी चिखलातच बसला. ताईंनी ओल्या पदराने तोंड पुसले आणि शांतपणे विचारले, "मामा, भोक कधीपासून ठाऊक होतं?"

तो "आत्ताच पडलं" म्हणू शकला असता. मीही मनात तेच म्हण, तेच म्हण, असे म्हणत होते.

"सकाळपासून, ताई," तो म्हणाला. "पाव्हण्याला न्हाई म्हनायची लाज वाटली."

"आज यांना तळ्यात सोडून मी एकटी लातूरला गेले असते, तर ती लाज तुम्ही कुठं ठेवली असती?"

व्यंकटी रडला. मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला. ताई त्या दिवशी त्याच्याकडे जेवल्या नाहीत. येळवसाला पाहुणा न जेवता परत गेला, ही गोष्ट व्यंकटीला अजून सलते. सलू दे.

आता मी रेवणसिद्धच्या दुकानामागे उलटी पडले आहे. त्याने काल हातोडीने माझा तळ ठोकून पाहिला आणि हातोडी ठेवून आत गेला. मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, गावात माझ्यासारख्या पुष्कळ जुन्या वस्तू असतील. त्यांच्या इमानाचे कौतुक करू नका, त्यांचा तळ तपासा. रेवणसिद्धलाही माझे तेच सांगणे आहे. पत्रा बसत असेल तर नवा बसव. बसत नसेल तर कापून ढिगात टाक, मी तक्रार करणार नाही. पण वरून निळा रंग लावून मला पुन्हा कुणाच्या मुलाबाळांखाली घालू नकोस.